दोन रेल्वे, एक घड्याळ : जबलपूर आणि माहितीच्या व्यवहाराचा इतिहास

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाण वेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी जाहीर केला. प्रशासन, व्यापार, बँका, दळणवळण अशा सर्व अधिकृत व्यवहारांत एकच वेळ वापरली जावी आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवरून घेतलेली असावी, असा त्या मसुद्याचा आशय आहे. ही वेळ देशभर पोहोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांची योजना आहे. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने कंपन्यांना व डेटा सेंटरांना आपल्या संगणकांची घड्याळे शासकीय वेळ-सर्व्हरशी जुळवून घेण्याचे निर्देश दिले होते.

वरवर पाहता ही बातमी रुक्ष वाटते. प्रत्येकाच्या मोबाइलवर वेळ दिसतेच, मग नियम कशासाठी? परंतु एका बँकेचा संगणक आणि दुसऱ्या बँकेचा संगणक यांच्यात एका सेकंदाचा जरी फरक असला, तरी पैसे आधी गेले की आधी आले, याचा निवाडा करता येत नाही. दोन परक्या संस्थांना एकमेकींच्या नोंदींवर विसंबून धंदा करायचा असेल, तर नोंद करण्याची रीत आधी एक व्हावी लागते. यंत्र त्यानंतर येते. उद्योगव्यवसायांतील माहिती-प्रणालीचा इतिहास बहुधा संगणकापासून सांगितला जातो. तो त्याहून बराच जुना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा दीडशे वर्षांपूर्वी जबलपूरच्या रेल्वे स्थानकावर गाठला गेला.

स्थानकाकडे जाण्याआधी शहरातल्या पेढीकडे पाहिले पाहिजे. नर्मदेच्या खोऱ्यातले हे शहर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. त्यानंतर तेथे कंपनी सरकारचा अंमल आला. नागपूर आणि वऱ्हाडाकडून गंगाकाठच्या मिर्झापूरकडे जाणारा व्यापारी रस्ता जबलपुरावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेने मिर्झापूरच्या बाजारात पोहोचे. माल बैलावर जाई, पण त्याची किंमत परत कशी आणायची? रोकड घेऊन जाणारा माणूस ही त्या काळच्या वाटमाऱ्यांची सर्वांत आवडती शिकार होती. ठगांच्या बंदोबस्तासाठी कर्नल स्लीमनने आपले ठाणे जबलपुरात मांडले होते, हे येथे आठवावे.

यावरचा उपाय हुंडी. पुढे राजा गोकुळदास म्हणून नावाजलेल्या सेठांचे घराणे जबलपुरातले मोठे सावकार होते, आणि अशा पेढ्यांचा धंदा प्रामुख्याने माहितीवर चालत असे. एका गावी पैसे भरायचे, हुंडी घ्यायची, दुसऱ्या गावी त्या पेढीच्या आडत्याला ती दाखवायची आणि पैसे घ्यायचे. दाखवताच पटणारी ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी पटणारी ती मुदती. कागदाच्या एका तुकड्याला हजारो रुपयांचे मोल आले, म्हणजे त्यात फेरफार करण्याचा मोहही आलाच. म्हणून हुंडीत रक्कम केवळ आकड्यात लिहून भागत नसे. ती अक्षरी लिहीत, आणि शिवाय तिची निमपट लिहून तिचे दुप्पट इतके रुपये द्यावेत, असे लिहीत. शंभर रुपयांच्या हुंडीत पन्नासाचा उल्लेख असायचाच. शंभराचे चारशे करणाऱ्याला पन्नासाचे दोनशेही करावे लागत, तेही मजकुराच्या मधोमध, त्याच वळणाच्या अक्षरात.

संगणकशास्त्रात याला त्रुटी ओळखण्यासाठी जोडलेली जादा माहिती म्हणतात. आज कोणताही संदेश तारेतून वा हवेतून जाताना त्याच्या शेपटाला काही अंक जोडलेले असतात; संदेशातला एखादा अंक वाटेत बदलला, तर ते अंक जुळत नाहीत आणि संदेश पुन्हा मागवला जातो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. पेढीवरच्या मुनिमाने हे गणित कोणत्याही विद्यापीठात शिकले नव्हते. फसवणूक कुठून होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत काढत, ती पेठ. तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. रक्कम चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. एकाच रकमेच्या तीन प्रती बाजारात असताना पैसे मात्र एकदाच दिले जावेत, हे पेढीवरच्या वहीत पाहून ठरे. रोजकीर्द, खतावणी आणि पत्रांचे पुडके एवढ्या साधनांवर शेकडो कोसांचा व्यवहार चाले. त्यात एकच उणीव होती. हुंडीही बैलाच्या किंवा हरकाऱ्याच्या चालीनेच जात होती. माल आणि मालाची बातमी यांचा वेग जवळपास सारखाच होता.

ती जोडी तारयंत्राने फोडली. कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली, आणि १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. दर शब्दागणिक होता, त्यामुळे व्यापाऱ्यांनी लवकरच सांकेतिक कोश वापरायला सुरुवात केली. एका शब्दात एक पूर्ण वाक्य सामावायचे : अमुक दराने विका, माल अद्याप आला नाही, आणखी शंभर गाठी पाठवा. माहितीचे संक्षेपीकरण हा विषय गणितात विसाव्या शतकात आला. व्यापाऱ्यांनी तो एकोणिसाव्या शतकात तारेचे बिल कमी करण्यासाठी हाताळला होता. रेल्वे स्थानकांची लघुनामे त्याच काळातली. जबलपूरचे ‘जेबीपी’ तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. इंग्रजांनी शहराचे नाव वेडेवाकडे लिहिले, स्वातंत्र्यानंतर ते सुधारले गेले, पण तिन्ही अक्षरे दोन्ही लेखनांत असल्यामुळे त्या संकेताला कधी धक्का लागला नाही.

आता स्थानकाकडे. कलकत्त्याहून निघालेल्या ईस्ट इंडियन रेल्वेने अलाहाबादहून एक शाखा काढून १८६७ मध्ये जबलपूर गाठले. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळ घाट चढून नाशिक, भुसावळ, खंडवा, इटारसी असा प्रवास करत येत होती. ७ मार्च १८७० रोजी या दोन कंपन्यांचे रूळ जबलपूरला एकमेकांना भेटले आणि मुंबई ते कलकत्ता असा सुमारे २,१०० किलोमीटरचा सलग लोहमार्ग खुला झाला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेच्या कादंबरीत वर्तमानपत्र हा मार्ग पूर्ण झाल्याचे सांगते आणि प्रवाशांना मात्र तो मधेच तुटलेला आढळतो; नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो. चुकीच्या माहितीवर बेतलेल्या वेळापत्रकाचे इतके रंजक उदाहरण दुसरे मिळणे कठीण. प्रत्यक्षात कादंबरी येण्याआधीच मार्ग पूर्ण झाला होता, आणि अडचण वेगळ्याच जागी होती.

ती अडचण घड्याळाची होती. पृथ्वी एका अंशातून फिरायला चार मिनिटे घेते. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, कलकत्ता ८८.४ अंशांच्या आसपास. म्हणजे या दोन शहरांच्या स्थानिक वेळांत एक तास दोन मिनिटांचे अंतर. प्रवासी बैलगाडीने जात होता तोपर्यंत याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. महिनाभराच्या वाटेत तासाची काय मातब्बरी! तार आल्यावर विनोद घडू लागले. कलकत्त्याहून सकाळी अकराला निघालेली तार मुंबईच्या घड्याळात दहाला दोन मिनिटे कमी असताना पोहोचू शकत होती, म्हणजे पाठवण्यापूर्वीच. रेल्वे आल्यावर मात्र विनोद संपला. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचे वेळापत्रक दोन निरनिराळ्या घड्याळांनुसार आखणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणि अपघात टळला, तरी गाडी किती उशिरा आली, जोडगाडी कोणामुळे चुकली, नासक्या मालाची भरपाई कोणत्या कंपनीने द्यायची, हे सारे तंटे उरतातच.

तोडगा निघाला तो मद्रास वेळेचा. मुंबईची वेळ कलकत्त्याने मान्य केली नसती आणि कलकत्त्याची मुंबईने. मद्रासला सरकारी वेधशाळा होती, तेथे ताऱ्यांच्या वेधांवरून घड्याळे लावली जात, आणि तेथून वेळेचा इशारा तारेने देशभर पाठवणे शक्य होते. १८७० च्या सुमारास मद्रास वेळ ही भारतीय रेल्वेची वेळ झाली. या निवडीत एक योगायोग दडलेला आहे. मद्रासचा रेखांश ८०.२५ अंश आणि जबलपूरचा सुमारे ७९.९५ अंश. फरक ०.३ अंशांचा, म्हणजे वेळेत सव्वा मिनिटाहून थोडा कमी. मुंबई आणि कलकत्ता यांच्या रेखांशांची सरासरी काढली, तर ती ८०.६ अंश येते. मद्रास समुद्रकिनारी दूर दक्षिणेला असले, तरी रेखांशाच्या दृष्टीने ते जबलपूरच्या जवळजवळ थेट खाली आहे. म्हणून दोन कंपन्यांनी जी तटस्थ वेळ पत्करली, ती त्यांच्या भेटीच्या ठिकाणची सूर्याची वेळच होती म्हणा ना. अर्थात सूर्य स्वतः वर्षभर सरासरी वेळेच्या पंधरा-सोळा मिनिटे पुढेमागे होत असतो, त्यामुळे सव्वा मिनिटाचा फरक जबलपुरात कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

मुंबईत मात्र तो लक्षात आला, कारण तेथे मद्रास वेळ म्हणजे घड्याळ अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी, ज्यांचे नाव पुण्याच्या महाविद्यालयाला आहे त्यांनीच, मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लागू केली. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही आणि दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाण वेळ आली, तेव्हा मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे न्यायची होती. गिरणी कामगारांनी त्याला विरोध केला. तो अडाणीपणा होता असे समजणे अन्यायाचे ठरेल. भोंगा घड्याळाने वाजतो. घड्याळ ३९ मिनिटे पुढे नेले आणि भोंग्याची वेळ तीच ठेवली, तर माणसाला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडावे लागते. प्रमाण वेळेचा लाभ तार कचेरीला, रेल्वेला आणि आयात-निर्यात करणाऱ्या पेढ्यांना होता; तिची किंमत चाळीत राहणाऱ्या माणसाच्या झोपेतून वळती व्हायची होती. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. कलकत्त्याने १९४८ पर्यंत.

नव्या प्रमाण वेळेचा रेखांश ८२.५ अंश. तो मिर्झापूरजवळून जातो. ज्या गावी वऱ्हाडचा कापूस जबलपूरवरून जात असे, तेच हे गाव, आणि मुंबई-कलकत्ता मार्गावरचे स्थानकही तेच.

वेळ जुळली, आता हिशेब. मुंबईत काढलेल्या तिकिटावर प्रवासी कलकत्त्याला गेला, तर भाड्यातला किती हिस्सा कोणाचा? इंग्लंडमध्ये अशाच प्रश्नासाठी १८४२ मध्ये रेल्वे क्लिअरिंग हाउस स्थापन झाले होते. निरनिराळ्या कंपन्यांच्या तिकिटांची व मालाची वाटणी तेथे होई. त्या साऱ्या हिशेबाचा पाया होता पुठ्ठ्याचे छोटे तिकीट. थॉमस एडमंडसन या इंग्रज रेल्वे कर्मचाऱ्याने १८३० च्या दशकात ते शोधले, आणि भारतात ते एकविसाव्या शतकापर्यंत चालले. त्याची खुबी छापील अनुक्रमांकात होती. प्रत्येक ठिकाणाच्या तिकिटांची चळत वेगळी आणि क्रमांक ओळीने लावलेले. पाळी संपताना बाबूने फक्त एवढेच पाहायचे : सकाळी कोणता क्रमांक वर होता आणि आता कोणता आहे. वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटे, गुणिले भाडे म्हणजे गल्ल्यात असायलाच हवी ती रक्कम. कागदाच्या तुकड्यावर एक आकडा छापून हजारो बाबूंच्या प्रामाणिकपणाची रोजची तपासणी होत होती.

मालासाठी रेल्वेची पावती असे. व्यापारी तिला बिल्टी म्हणतात. गाठी मालगाडीत चढल्या की बिल्टी व्यापाऱ्याच्या हाती येई. ती तो बँकेमार्फत खरेदीदाराच्या गावी पाठवी. खरेदीदाराने बँकेत पैसे भरून बिल्टी सोडवायची आणि ती दाखवून स्थानकावरून माल उचलायचा. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसले, तरी चालत असे. हुंडी आणि रेल्वे यांची सांगड अशी पडली. माल एका वाटेने जातो, मालाची मालकी दुसऱ्या वाटेने, आणि दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. आज घरपोच येणाऱ्या पार्सलची माहिती पार्सलच्या आधी मोबाइलवर येते, त्याची जातकुळी हीच.

हिशेब चुकला तर पैसे जातात. रेल्वेत आणखी एका प्रकारची माहिती होती, जी चुकली तर माणसे जात. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. सुरुवातीला पुढच्या स्थानकाला तार करून ‘लाइन क्लिअर’ मागवत. पण तार वाचणारा चुकू शकतो, झोपेत असलेला बाबू कालचा निरोप आजचा समजू शकतो. म्हणून माहितीला वस्तूचे रूप दिले गेले. नीलचे बॉल टोकन यंत्र भारतीय रेल्वेच्या जुन्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ आहे. दोन शेजारच्या स्थानकांवर एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली, आत पोलादी गोळे. एका यंत्रातून गोळा काढला की दोन्ही यंत्रे बंद होतात. तो गोळा चालकाच्या हाती द्यायचा. त्याने पुढच्या स्थानकावर तो उतरवायचा. तेथील यंत्रात तो टाकला की मगच दुसरा गोळा निघतो. चालकाच्या हातात गोळा आहे, याचाच अर्थ पुढचा टप्पा रिकामा आहे. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, गोळा ठेवलेली चामडी पिशवी धावत्या इंजिनातून झेलणारा माणूस हे एके काळी लहान स्थानकांवरचे नेहमीचे दृश्य होते.

संगणकाच्या स्मृतीतील एकाच जागेवर दोन प्रक्रियांनी एकाच वेळी लिहू नये, हा प्रश्न १९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांच्यापुढे आला. त्यांनी सुचवलेल्या उपायाला नाव दिले सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. आज बँकेच्या एकाच खात्यातून दोन एटीएमवरून एकाच क्षणी पैसे काढले जाऊ नयेत, यासाठी संगणक जे कुलूप लावतो, ते त्या पोलादी गोळ्याचे अदृश्य भावंड आहे.

याहून नवलाची गोष्ट प्रायव्हेट नंबरची. दूरध्वनी आल्यावर स्थानक मास्तर एकमेकांशी तोंडी बोलू लागले. पण समोरचा आवाज खरोखर शेजारच्या मास्तरचाच आहे, आणि त्याने खरोखरच होकार दिला आहे, याचा पुरावा काय? रेल्वेने प्रत्येक स्थानकाला दोन अंकी आकड्यांचे छापील तक्ते दिले. आकडे कोणत्याही क्रमात नसतात. गाडीला परवानगी देताना मास्तर आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो, दोघेही तो आपापल्या नोंदवहीत गाडीच्या क्रमांकापुढे लिहितात, आणि सांगणारा तो तक्त्यातून खोडतो. तो आकडा पुन्हा वापरायचा नाही. मोबाइलवर येणाऱ्या एकदाच चालणाऱ्या पासवर्डची ही आवृत्ती कागद, पेन्सिल आणि टेलिफोन एवढ्यावर चालत आली आहे. पुढे चौकशी झाली, तर दोन वह्यांतले आकडे शेजारी ठेवून पाहायचे. होकार दिलाच नव्हता, असे म्हणण्याची सोय कोणालाच राहत नाही.

या सर्व यंत्रणेला लागत होती माणसे, आणि ती इतिहासात फारशी दिसत नाहीत. मोठ्या यार्डात नंबर टेकर नावाचा कर्मचारी रात्री कंदील घेऊन उभ्या मालगाडीच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक वाघिणीचा क्रमांक वहीत टिपून घेई. एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर गेली, की तिचे भाडे लागू होई. ती कधी गेली आणि कधी परतली, हे सांगणारी आरंभीची नोंद त्याचीच. पावसात भिजलेल्या कागदावर तीनचा आठ झाला, तर एखादी वाघीण कागदोपत्री नाहीशी व्हायची. जबलपूरहून गोंदियाला जाणारा सातपुड्यातला नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी आला, तेव्हा हे काम आणखी वाढले. रुंद रुळांवरची वाघीण अरुंद रुळांवर जात नाही. माल हमालांनी उतरवून पुन्हा चढवायचा, आणि कागदही नव्याने करायचे.

नियंत्रण कक्षातला आलेख मात्र भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच आपला वाटेल. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. रेषेचा चढ म्हणजे वेग. आडवी रेषा म्हणजे उभी गाडी. एकेरी मार्गावर दोन रेषा एकमेकींना छेदतात ती जागा स्थानकाचीच असली पाहिजे. ती दोन स्थानकांच्या मधे पडली, तर आलेखावर अपघात दिसतो आहे. सेक्शन कंट्रोलर कानाला टेलिफोन लावून स्थानकांकडून वेळा घेई, रंगीत पेन्सिलीने रेषा पुढे ओढी, आणि त्या रेषा कुठे भेटणार हे पाहून कोणती गाडी कुठे थांबवायची ते ठरवी. शाळेत विस्थापन-काल आलेख शिकवताना हे उदाहरण का दिले जात नाही, कोण जाणे.

जबलपूर या साऱ्या व्यवहाराला माणसे तयार करून देणारे शहरही झाले. दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४२ मध्ये सुरू झाले. आज ते भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. सैन्याच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षणही याच शहरात होत आले आहे. ज्या तारेने जबलपूरची दोन रुळांची भेट शक्य केली, ती तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

संगणक रेल्वेत आला तो १९६० च्या दशकात. आयबीएम १४०१ जातीची यंत्रे विभागीय मुख्यालयांत बसली आणि पगारपत्रके, भांडारातील साठा, मालवाहतुकीचे हिशेब छिद्रित पत्त्यांवर आले. त्याच सुमारास देशभर कर्मचारी संघटनांनी यंत्रांविरुद्ध आवाज उठवला. सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ मध्ये आला. बेकारीने गांजलेल्या देशात यंत्राने कोणाचे काम काढून घ्यावे, हा प्रश्न १९०६ च्या गिरणी कामगारांच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ होता. त्या वादाची नंतर पुष्कळ चेष्टा झाली. संगणकाने पुढे नोकऱ्या निर्माण केल्या, हे खरेच. पण रात्री कंदील घेऊन वाघिणी मोजणाऱ्या माणसाला त्या मिळाल्या नाहीत, हेही खरे.

प्रवासी आरक्षण संगणकावर आले ते १९८५ मध्ये, दिल्लीत. पुढच्या वर्षी रेल्वे माहिती प्रणाली केंद्र, म्हणजे क्रिस, स्थापन झाले. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही संगणक बसले. आणि येथे १८७० चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पाच ठिकाणी पाच संगणक होते, प्रत्येकाकडे आपापल्या गाड्यांची माहिती होती, आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. वाटेतल्या किंवा परतीच्या प्रवासाची जागा हवी असेल, तर प्रवाशाला त्या गावच्या कोट्यावर विसंबावे लागे. निरोप तारेने जाई, उत्तर येईल तेव्हा येई. संगणकाच्या वेगाचा येथे काडीचा उपयोग नव्हता. पाचही केंद्रांना जोडणारी कॉन्सर्ट ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादेत प्रथम सुरू झाली आणि १९९९ पर्यंत सारी केंद्रे एका जाळ्यात आली. कोणत्याही गावातून कोणत्याही गावचे आरक्षण हे आज इतके सहज वाटते, की त्यासाठी पहिल्या संगणकानंतर जवळजवळ चौदा वर्षे लागली, यावर विश्वास बसत नाही. त्यातील मोठा वाटा तंत्रज्ञानाचा नव्हता. गाड्यांचे, भाड्यांचे, सवलतींचे, कोट्यांचे निरनिराळे रिवाज एका साच्यात बसवण्याचा होता. इंटरनेटवरचे तिकीट त्यानंतर तीनच वर्षांनी, २००२ मध्ये आले.

जबलपूर २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. नंबर टेकरच्या वहीची जागा मालवाहतुकीच्या संगणकीय प्रणालीने घेतली. पेन्सिलीचा आलेख आता पडद्यावर आपोआप उमटतो. इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर बसवलेली उपकरणे दर ३० सेकंदांनी गाडीचे स्थान उपग्रहामार्फत कळवतात, आणि त्या प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का असतो. हा शिक्का ज्या घड्याळावरून यायचा, त्याचा सेकंद सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून ठरतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणि हावड्याला तोच सेकंद. जबलपुरात सूर्य सरासरीने या घड्याळाच्या दहा मिनिटे मागे माथ्यावर येतो, आणि त्यावर कोणाची तक्रार नाही.

एखाद्या लहान स्थानकावर सिग्नलची यंत्रणा बंद पडते, पडदा काळा होतो. अशा वेळी मास्तर टेलिफोन उचलतो, शेजारच्या स्थानकाला गाडीचा क्रमांक सांगतो आणि थांबतो. पलीकडून दोन अंक येतात. ते तो वहीत लिहितो. पलीकडे तक्त्यातला तो आकडा खोडला जातो, आणि गाडी सुटते.